पोर ट्रॅकवर, घर पॅडॉकमध्ये: मुलांच्या गो-कार्ट शर्यतीचा शनिवार-रविवार कसा पार पाडायचा

शर्यतीच्या सकाळी पॅडॉकमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या तंबूंच्या आवारातून, नुसती एक चक्कर मारली तरी कुठलं कुटुंब मुरलेलं आणि कुठलं नवखं ते कळतं. नवख्यांच्या तंबूत घरातले सगळे गाडीभोवती उकिडवे बसलेले असतात, प्रत्येकाच्या हातात एकेक पाना असतो, आणि पाच मिनिटांत ट्रॅकवर जायचं असताना हातमोजे कुणालाच सापडत नसतात. मुरलेल्यांकडे गाडीपाशी एकच माणूस असतो. दुसरं कुणीतरी घड्याळ सांभाळतं आणि मूल कपडे चढवून सावलीत निवांत बसलेलं असतं.

कार्टिंगमध्ये मुलाचं काम एकच, गाडी चालवणं. बाकीचं सगळं घराने वाटून घ्यायचं असतं. त्या वाटणीत मी एक नियम सगळ्यात वर ठेवतो: ज्याच्या हातात पाना, त्याच्याकडे मुलाची समजूत काढायचं काम द्यायचं नाही. गाडी लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात चेन, हवा, सेकंद असं चालू असतं. शर्यतीत मागे पडलेलं मूल आलं की त्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "तिसऱ्या वळणावर काय झालं?" त्या वेळी मुलाला पाणी हवं असतं आणि जवळ बसणारं कुणीतरी हवं असतं.

आधी कामांची वाटणी

तीन कामं वेगळी काढा. एकाकडे गाडी: नटबोल्ट, टायरमधली हवा, पेट्रोल. दुसऱ्याकडे मूल: कपडे, पाणी, खाणं, झोप, मन. तिसरं काम कागद आणि घड्याळाचं: नोंदणी, वेळापत्रक, सूचनाफलक. तिघं नसतील तर मूल आणि घड्याळ एकाकडे जाऊ शकतं, पण गाडी आणि मूल शक्यतो नको. एकटीच आई किंवा एकटाच बाबा असेल तर शेजारच्या तंबूत विचारावं. पॅडॉकमधली माणसं गाडी उचलू लागायला सहसा नाही म्हणत नाहीत. तरीही मदत मिळाली नाही तर क्रम ठरवून घ्या: मूल ट्रॅकवरून आलं की पहिली दहा मिनिटं त्याची, मग गाडीची.

बरोबर धाकटं भावंड असेल तर त्यालाही खरं काम द्या, उदाहरणार्थ वहीत लॅपच्या वेळा लिहायचं. नुसतं "इथे बसून राहा" फार तर तासभर चालतं. त्याच्या कानांना इअरमफ मात्र हवेतच, कारण टू-स्ट्रोक इंजिनांचा आवाज दिवसभर अंगावर येत राहतो.

गाडी आणि वर्ग

गाडी विकत घ्यायची घाई नको. भाड्याच्या कार्टवर मुलाला भरपूर चालवू द्या. दोन्ही पायांनी चालवायची सवय तिथेच लागते, डावा पाय ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर. दोन्ही पाय एकदम दाबायचे नाहीत, हे तिथेच अंगवळणी पडलं पाहिजे. मुलांच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो. वळणात शिरल्यावर तो करकचून दाबला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून ब्रेक मारायचा तो चाकं सरळ असतानाच.

स्वतःच्या गाडीने उतरायचं ठरलं की तुमच्या ट्रॅकवर कुठल्या वर्गात जास्त मुलं उतरतात ते बघा आणि तोच वर्ग घ्या. सुटे भाग, सल्ला, जुनी गाडी विकणारे, सगळं त्याच वर्गात सापडतं. साधारण 8 ते 12 वयोगटात 60 सीसीची टू-स्ट्रोक मिनी कार्ट जगभर चालते. रोटॅक्स या इंजिन कंपनीच्या स्पर्धांत याच वयाच्या आसपास मायक्रो आणि मिनी मॅक्स हे वर्ग आहेत. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 206 हे कारखान्यातून सीलबंद येणारं फोर-स्ट्रोक इंजिन आहे आणि कार्ब्युरेटरची स्लाइड बदलून ते लहान मुलांसाठी मवाळ करता येतं. ज्या घरात इंजिनकामाची आवड नाही त्यांना मी हेच सुचवेन.

चासी, म्हणजे गाडीचा पाइपांचा सांगाडा, जुनी चालेल, पण सीट मुलाच्या मापाची हवी. सैल सीटमध्ये प्रत्येक वळणावर बरगड्या कडेवर आपटतात, आणि दुसऱ्या दिवशी मूल "नाही चालवायचं" म्हणतं त्यामागे पुष्कळदा हेच दुखणं असतं. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि स्टिअरिंग धरल्यावर कोपर. उशा कोंबून जागा भरू नका. लहान सीट बसवा, नाहीतर सीटला आतून चिकटवायचा फोम लावा.

अंगावर काय हवं

पैसे कुठे वाचवायचे यावर वाद घालता येतो, पण हेल्मेटवर नको. मोठ्यांचं छोट्या मापाचं हेल्मेट मुलाला घालू नका, कारण ते जड असतं आणि तो भार कोवळ्या मानेवर येतो. मुलांसाठी स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं सीएमआर 2016 असं वेगळं मानक आहे आणि त्याची हेल्मेटं हलकी असतात. तुमच्या स्पर्धेत कुठली मानकं चालतात ते नियमपुस्तकात बघूनच खरेदी करा. पट्टा लावून हेल्मेट हलवलं तर गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. ती जागेवरच राहिली तर हेल्मेट मोठं आहे.

त्याखाली कार्टिंगचा सूट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, मानेची पट्टी आणि छाती-बरगड्यांचं कवच. कवचासाठी एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचं 8870-2018 हे मानक आहे. शर्यतीच्या कार्टला सीटबेल्ट नसतो. डोक्यावर संरक्षक सांगाडा नसल्यामुळे, गाडी उलटली तर चालक तिच्यात अडकून न राहता बाहेर फेकला जावा हा त्यामागचा विचार. सगळा भार अंगावरच्या साहित्यावर येतो तो म्हणूनच.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगायची: लांब केस बालाक्लाव्हात (डोकं-मान झाकणारी कापडी टोपी), बालाक्लाव्हा हेल्मेटमध्ये, आणि बाहेर काही लोंबता कामा नये. केस, मफलर, हुडीची दोरी यांपैकी काहीही फिरत्या ॲक्सलला किंवा चेनला गुंडाळलं की सुटायला वेळच मिळत नाही. स्टँडवर इंजिन चालू करून बघताना भोवती उभ्या असलेल्या घरच्यांनाही हेच लागू. चालू चेनजवळ बोट न्यायचं नाही, "जरासं बघतो" म्हणूनसुद्धा नाही.

आधीचा आठवडा

गाडीचं काम शर्यतीच्या सकाळी काढायचं नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी गाडी स्टँडवर घ्या, कव्हरं काढा आणि पुढून मागे एका दिशेने जात प्रत्येक नटबोल्टला पाना लावा. तपासलेल्या बोल्टवर रंगीत मार्करची रेघ ओढा. ती रेघ पुढच्या वेळी तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे कळतं. स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक पेडलच्या क्लिपा, ब्रेकची जादा सुरक्षा तार आणि सीटचे बोल्ट यांकडे जास्त लक्ष द्या. चासीच्या वेल्डिंगच्या जागा फडक्याने पुसून केसासारखी भेग दिसते का ते बघा.

चेन मधोमध बोटाने दाबली की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. फार ताणलेली चेन ताकद खाते, ढिली चेन उडते. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट (चेन चढते ते दातेरी चक्र) एका रेषेत आहे ना, हे सरळ पट्टी लावून बघा. मागचं स्प्रॉकेट जास्त दातांचं लावलं तर गाडी वळणातून जोरात उठते पण सरळ रस्त्यावर लवकर दमते, कमी दातांचं लावलं तर उलट. त्याच ट्रॅकवर, त्याच वर्गात धावणाऱ्या कुणाला तरी विचारून त्याचे दात लावा आणि पहिले काही महिने तो विषय बंद ठेवा.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं आणि प्रमाण इंजिन बनवणाऱ्याने दिलेलंच घ्यायचं. रोटॅक्स मॅक्सला 2 टक्के म्हणजे 5 लिटरला 100 मिलिलिटर. काही इंजिनांना 4 टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे त्याच पेट्रोलला 200 मिलिलिटरच्या पुढे. अंदाजाने ओतू नका, मोजपात्र वापरा आणि कॅनवर तारीख व प्रमाण लिहा. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. कित्येक स्पर्धांत पेट्रोल आयोजकांनी सांगितलेल्या पंपावरूनच भरावं लागतं, तेव्हा घरून कॅन भरून नेण्याआधी नियम वाचा.

सामानात लोक सुटे भाग ढिगाने नेतात आणि नेमक्या लहान वस्तू विसरतात. प्लग, चेन, ब्रेक पॅड, ॲक्सिलरेटरची तार, चेनचं तेल, हवेचा मीटर, पंप, मार्कर, टेप, झिप टाय आणि वही एका पेटीत कायमच्या ठेवा. मुलाची बॅग वेगळी, आणि ती मुलाने स्वतः भरायची. हेल्मेट, हातमोजे, बूट आहेत की नाही याची जबाबदारी त्याला वयाच्या आठव्या वर्षीही पेलते. अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीच्या तळाशी नको, वर हाताशी हवी.

पोचल्यावर

तंबू ठोका, गाडी दोघांनी मिळून उतरवा आणि घड्याळवाल्याला नोंदणीला पाठवा. परवाना, वयाचा पुरावा, पालकांची संमती, हेल्मेट आणि टायरचे क्रमांक, एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. वेळ नोंदवणारा ट्रान्सपाँडर मिळाला की लगेच लावा आणि घट्ट बसलाय का बघा.

तांत्रिक तपासणीला गाडी स्वच्छ न्या. तेलाने माखलेल्या गाडीत भेग दिसत नाही, हे तपासणाऱ्यालाही माहीत असतं. वजनकाट्यावर आदल्या दिवशीच जाऊन या. किमान वजन मोजतात ते गाडी, चालक आणि अंगावरचं सगळं साहित्य मिळून, आणि खरं मोजतात ते शर्यत संपल्यावर, म्हणजे पेट्रोल जळून गेल्यावर. तेव्हा जवळजवळ रिकाम्या टाकीनिशी किलोभर तरी वर असा. कमी पडणारं वजन भरायला लावलेल्या शिशाच्या तुकड्यांचे बोल्ट आणि वॉशर नियमात दिल्याप्रमाणेच लावा. धावत्या गाडीतून सुटलेलं शिसं मागच्या मुलाच्या दिशेने जातं.

चालकांच्या सभेला मुलाबरोबर जा आणि मागे उभे राहा. प्रश्न मुलाने विचारायचे. सुरुवात कशी होणार, पिटमध्ये (ट्रॅकवरून गाड्या आत घ्यायच्या पट्ट्यात) शिरायचं कुठून, तिथे वेग किती, हे तीन मुद्दे मुलाकडून नंतर वदवून घ्या.

झेंडे घरीच पाठ झालेले हवेत. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, कुणालाही ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली, हळू व्हायचं आणि सभेत सांगितलेल्या जागी थांबायचं. निळा म्हणजे मागून तुमच्यावर एक फेरी चढवणारा येतोय, रेषा न बदलता त्याला जाऊ द्या. पिवळ्यावर लाल पट्टे असतील तर रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा क्रमांक दिसला तर गाडीत बिघाड आहे, लगेच आत या. नुसता काळा असेल तर आत येऊन अधिकाऱ्यांना भेटा. पांढऱ्याचा अर्थ देशोदेशी बदलतो: कुठे पुढे संथ वाहन, कुठे शेवटची फेरी. सभेत विचारून घ्यायचा झेंडा हाच.

सराव: हवा, वही आणि एका वेळी एक बदल

इथे थोडं थांबून गाडी वळते कशी ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नाही. आर्ट इंगल्सने 1956 साली कॅलिफोर्नियात गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली. सस्पेन्शन आणि डिफरन्शियल तेव्हा नव्हतं, आजही नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसलेली, म्हणजे फिरणार ती सारखीच. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही चाकं जमिनीला चिकटून राहिली तर गाडी वळायला तयार होत नाही, आणि इंजिन धापा टाकतं. तेव्हा आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे. ते काम पुढच्या चाकांची ठेवण करते. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, आणि एक पाय लांब असलेल्या टेबलासारखी गाडी तिरपी होऊन आतलं मागचं चाक सुटतं. चासीचे पाइप पिळले जातात ते याच वेळी. कार्टमधलं बहुतेक सेटिंग म्हणजे हे चाक किती आणि किती वेळ उचलायचं, याचीच जुळवाजुळव.

नवख्या घराने त्यातलं टायरमधल्या हवेचं शिक्षण आधी घ्यावं. कोरड्या ट्रॅकच्या टायरमध्ये थंड असताना हवा साधारण 10 ते 15 पीएसआय असते. नेमका आकडा टायर बनवणाऱ्याकडून आणि त्याच ट्रॅकवरच्या अनुभवी माणसाकडून घ्या. मोजायची नेहमी सावलीत आणि नेहमी त्याच मीटरने. एका बाजूचे टायर उन्हात तापले असतील तर तो आकडा फसवा असतो. सराव संपवून गाडी आत आली की लगेच पुन्हा मोजा आणि वाढ किती झाली ते लिहा. टायर थंड असताना हवा जास्त ठेवली तर तो लवकर तापून पकड लवकर येते, पण शर्यतीच्या शेवटी गाडी घसरायला लागते. कमी ठेवली तर पहिल्या फेऱ्या जड जातात आणि नंतर वेळा सुधारतात. म्हणून सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या, थोड्या फेऱ्यांच्या पात्रता सत्रासाठी आणि लांब अंतिम शर्यतीसाठी एकच आकडा असेलच असं नाही. बदल अर्ध्या पीएसआयचा करा, दोनाचा नको.

गाडी वळायला मागत नसेल, नाक सरळच जात असेल, तर कोरड्या ट्रॅकवर पुढच्या दोन चाकांमधलं अंतर थोडं वाढवून बघतात, त्याने पुढची पकड वाढते. मागचं टोक निसटत असेल तर उलट. पण त्याआधी मूल वळणात फार वेगाने तर शिरत नाहीये ना, ते कडेला उभं राहून बघा. माझ्या मते पहिल्या वर्षात गाडीचे म्हणून सांगितलेले बहुतेक दोष ब्रेक मारायच्या जागेचे असतात, आणि त्यावर पाना चालत नाही.

एका सत्रात एकच बदल. वहीत वेळ, हवामान, ट्रॅक गार की तापलेला, टायर थंड आणि गरम असतानाची हवा, स्प्रॉकेटचे दात, काय बदललं, उत्तम लॅप आणि मुलाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत. मायक्रॉनसारखा लॅप टायमर असेल तर तो आकडे देईलच. तरी सगळ्यात वेगवान एका लॅपपेक्षा पाचसहा लॅप सारखे येतायत का, याकडे बघा.

पात्रता आणि शर्यत

वेळापत्रक उलटं मोजत जा: ग्रिडवर (शर्यतीआधी गाड्या रांगेत लावायच्या जागी) जायच्या अर्धा तास आधी गाडी तयार आणि तिला पुन्हा हात नाही, वीस मिनिटं आधी मुलाचे कपडे, दहा मिनिटं आधी लघवी झालेली. हसू नका, सूट चढवल्यावर हा प्रश्न हमखास येतो.

ग्रिडवर हेल्मेटच्या काचेतून बघत उपदेश करायचा मोह टाळा. एकच गोष्ट सांगा, तीही आदल्या सत्रात ठरलेली: "पहिल्या वळणाला आतली बाजू सोडू नकोस," एवढंच. बऱ्याच वर्गांत गाड्या दोन रांगांत हळूहळू येऊन चालत्या गाड्यांनिशी शर्यत सुटते, आणि गर्दीतलं पहिलं वळण सगळ्यात धोक्याचं. एफआयएच्या कार्टिंग स्पर्धांत 2015 पासून पुढचं प्लास्टिकचं नाक धक्का बसला की आत सरकतं, आणि शेवटी ते सरकलेलं सापडलं तर वेळेचा दंड बसतो. तुमच्या वर्गात हाच नियम असेल तर पुढच्याला ढकलून जागा मिळवणं महागात पडतं, हे मुलाला आकड्यांसह समजावून सांगा.

गाडी फिरून ट्रॅकवर थांबली तर दोन्ही हात वर करायचे, मागून येणारे गेले की मार्शल (ट्रॅकच्या कडेचा सुरक्षा अधिकारी) सांगेल तसं करायचं, आपणहून उडी मारून पळायचं नाही. आणि पालकांनी कुंपण ओलांडून धावायचं नाही. तो मार्शलचा भाग आहे. तुम्ही धावलात तर त्याला दोघांना सांभाळावं लागतं.

शर्यत संपल्यावर गाडी थेट वजनकाट्यावर आणि मग बंद आवारात जाते. तिथे कुणीही गाडीला हात लावायचा नाही, मुलाने हेल्मेट वाटेत कुणाकडे द्यायचं नाही. निकालावर आक्षेप असेल तर घड्याळवाल्याने मुदतीत लेखी द्यावा. अधिकाऱ्यावर आवाज चढवणाऱ्या पालकाची शिक्षा बऱ्याच नियमपुस्तकांनुसार चालकाला, म्हणजे मुलाला भोगावी लागते.

दोन शर्यतींच्या मधे

आधी पाणी, सूट कमरेपर्यंत खाली, सावली. लगेच व्हिडिओ दाखवू नका. मूल स्वतः बोलायला लागलं की विचारा, "कुठल्या वळणावर गाडी तुझं ऐकत नव्हती?" "तू असं का केलंस?" याचं उत्तर रडू किंवा "माहीत नाही" यांपैकी एक असतं, आणि दोन्हींतून गाडी लावायला काही हाती लागत नाही. मुलाने सांगितलेलं पानावाल्यापर्यंत पोचवायचं काम मूल सांभाळणाऱ्याचं. खाणं हलकं आणि थोडंथोडं. पुढच्या शर्यतीला तास असेल तर त्याला इतर मुलांबरोबर खेळायला सोडा.

ज्यांना आठव्या वर्षीच भविष्य दिसायला लागतं त्यांच्यासाठी एक नोंद: फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेना याला कार्टिंगचं जागतिक विजेतेपद कधीच मिळालं नाही, 1979 आणि 1980 या दोन्ही वर्षी तो दुसरा आला.

पाऊस आला तर

पावसाचे टायर रिमवर चढवून तयार ठेवा, म्हणजे फक्त चाकं बदलायची राहतात. त्यांच्यात हवा कोरड्या टायरपेक्षा सहसा जास्त भरतात. पुढच्या चाकांमधलं अंतर जास्त, इंजिनात हवा घेणाऱ्या एअरबॉक्सवर झाकण, हेल्मेटच्या काचेला आतून धुकं न धरणारा द्रव. मुलाला सांगायचं की रोजची रेषा आता घसरते, कारण तिथे टायरचं रबर बसलेलं असतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूने पकड शोध. ओल्या ट्रॅकवर गाडी सावकाश का होईना सरळ ठेवणारं मूल पुष्कळ जागा वर येतं, तेव्हा पावसाला घाबरून सराव बुडवू नका.

धडक बसली तर

डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय असला, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेली उत्तरं, झोपाळलेपणा, तरी त्या दिवशीचं गाडी चालवणं संपलं, मग अंतिम शर्यतीत जागा पहिली का असेना. डॉक्टरांकडे न्या आणि परत केव्हा चालवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं, कारण आतला थर एकदाच दबतो. गाडीचं म्हणाल तर स्टिअरिंगचे रॉड, ॲक्सल आणि पुढच्या चाकांची दिशा तपासल्याशिवाय तिला ट्रॅकवर सोडू नका. ॲक्सल वाकलाय का ते स्टँडवर चाक हाताने फिरवलं की डोळ्यांना दिसतं.

रविवारी संध्याकाळी

आवरताना सगळे दमलेले असतात आणि वस्तू हरवतात त्या याच तासात. ट्रान्सपाँडर परत करा. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, उरलेलं मिश्रण पुढच्या शर्यतीसाठी ठेवू नका. चेन पुसून तेल लावा. इंजिन किती तास चाललं ते वहीत लिहा, कारण टू-स्ट्रोकचा पिस्टन बदलायची वेळ तासांवरच ठरते. ओला सूट आणि हातमोजे बॅगेत तसेच राहिले तर पुढच्या वेळी त्यांच्या जवळ जाववत नाही, म्हणून ते घरी पोचताच वाळत घाला. गाडीच्या दुरुस्तीची यादी परतीच्या वाटेवर न चालवणाऱ्याने लिहून काढावी. मूल तोवर मागच्या सीटवर झोपलेलं असतं, आणि शर्यतीबद्दल त्याच्याशी जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोललं तरी चालतं.